डावी बाही

राइखेनफुर्ट,
सोमवार, १४ मार्च २०११

प्रिय गेर्नोट,

तुझं पत्र मिळालं, सोबतची, कोटांना टाचायची चार कार्डंही मिळाली. रोझीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. तिला सांग, लगेच जिने चढू नकोस, आणि नवऱ्याला कॉफी नेऊन द्यायला तर मुळीच चढू नकोस. पंचाहत्तरी झाली तरी तुला स्वतःची कॉफी करता येते. समुद्रकाठी ऊन पडलंय म्हणतोस. इथे अजून गारठाच आहे. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायला लागलाय, पण सुईत दोरा पहिल्या खेपेला जातो, तेवढं मला पुरे आहे.

आता तुझ्या कामाचं. "ट्राउडल, कोट तुझ्याकडेच आहेत, कसर लागू दिली नसशील, नीट इस्त्री करून बुधवारच्या आत नीचबाईंकडे पोचते कर." निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी तू अजून हुकूमच लिहितोस. 'कृपया' हा शब्द तुझ्या कोणत्याच गणवेशाबरोबर आला नाही. आणि ती नीचबाई नाही, नित्शे आहे. नावं नीट लिहीत जा, त्या पोरीनं तुझ्या पोलीस-गणवेशांच्या प्रदर्शनासाठी तीन महिने धावपळ केलीय.

खाली तू एक ओळ टाकलीयस, शाईही वेगळी आहे. "हिरवा फार खराब झाला असेल तर राहू दे. बाकीच्यांवर भागेल."

हिरवा खराब झालेला नाही, गेर्नोट. त्याचं सांगण्यासाठीच हे पत्र आहे. पण मला शेवटाकडून सुरुवात करता येत नाही. कोट उसवतानासुद्धा मी आधी अस्तर काढते.

नित्शेबाई परवा, शनिवारी आल्या. तिशीच्या असतील. निळा गणवेश, छातीवर नावाची पट्टी. मी विचारलं, "हे नाव लावायची सक्ती आहे का हो आता?" तर म्हणाल्या, "नाही, माझी मी लावते. ज्याला शिव्या द्यायच्यात त्याला नाव तरी कळू दे." मला ती पोरगी आवडली. तिच्या बाहीची शिवण मात्र बघवत नाही. कापडात लोकर नावाला नाही, बिल्ला चिकटपट्टीनं लावलेला, ओढला की चरचर आवाज करत हातात येतो. मी चौतीस वर्षं गणवेशाच्या कोठारात शिवत बसले, बिल्ला उसवायला मला पाव तास लागायचा.

मी पलंगावर एकेक कोट मांडला. त्या म्हणाल्या, "तुमच्या भावानं सगळे रंग अंगावर घातलेत. जिल्ह्यात असा दुसरा माणूस उरला नाही. शुक्रवारी पहिलं भाषण त्यांचंच आहे."

"मग खुर्च्या मऊ ठेवा," मी म्हटलं. "तो बोलायला लागला की कॉफी गार होते."

हसल्या. मग विचारलं, "पण हे कोट तुमच्याकडे कसे? निवृत्त झालं की परत करायचे असतात ना?" खरंच आहे. परत करायचे, मी बिल्ले नि बटणं काढायची, कापड चिंध्यांत जायचं. शेकडो माणसांचे कोट मी असे चिंध्यांत घातले. तुझे ठेवले. भाऊ होतास म्हणून ठेवले, असं मी त्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

बाबांचा कोट आधी. तुझ्या कार्डावर तू लिहिलंयस, "१९४६. नव्या सुरुवातीचा गणवेश." कसली नवी सुरुवात? तो त्यांचा लढाईवरून आणलेला कोट होता. आईनं तो कपडे उकळायच्या हंड्यात घालून निळा रंगवला. तू दहा वर्षांचा होतास, तुला आठवायला हवं, हंडा ढवळायला तूच काठी धरली होतीस. मी सहा वर्षांची. छातीवरचा नाझी फौजेचा गरुड आईनं आधी उसवला होता. पण त्या पक्ष्याखालचं कापड उन्हानं विटलं नव्हतं, तिथे रंग जास्त गडद बसला. कोट वाळत घातला तर पंख पसरलेला पक्षी स्वच्छ दिसत होता. आई रडायला लागली. बाबा म्हणाले, "रडतेस काय? सगळ्यांच्या छातीवर तेच आहे. कोण कुणाला बोलणार?" आणि तोच कोट घालून ते चौकात गाड्या थांबवायला उभे राहिले. त्याच्या बदल्यात चांगलं रेशनकार्ड मिळालं म्हणून आपण जगलो, हे मी विसरलेले नाही. मी तुझं कार्ड काढून टाकलं आणि नित्शेबाईंना तो पक्षी दाखवला. खिडकीपाशी नेला की अजून दिसतो.

दुसरा तुझा पहिला कोट. पंचावन्न साल, गडद निळा. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, आईला गिरणीत खोकला लागला होता, आणि तुला खरं तर शाळामास्तर व्हायचं होतं. एकोणिसाव्या वर्षी पोलिसांत गेलास. मला शिवणकाम शिकायला टाकायचं होतं म्हणून गेलास. पहिल्या हिवाळ्यात तुला मिळालेले नवे बूट तू मला दिलेस, आत वर्तमानपत्र कोंबून मी ते तीन वर्षं घातले, आणि तू जुन्याच बुटांनी गस्त घातलीस. मला ते सगळं आठवतं. तू माझा भाऊ कमी आणि बाप जास्त होतास. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की ट्राउडलला सगळ्याचा विसर पडला. विसर पडला असता तर मी खोटं बोललेच नसते.

शेवटचा, एक्क्याण्णवचा, शेवाळी कोट आणि बदामी पॅन्ट. जर्मनी एक झाली आणि बव्हेरियातून खोकी भरून गणवेश आले, आठवतं? काहींच्या कॉलरमध्ये आधीच्या माणसांची नावं शाईनं लिहिलेली होती, ती खरवडत मी आठवडा काढला. तू आरशासमोर उभा राहिलास, मागून-पुढून बघितलंस आणि म्हणालास, "ट्राउडल, हा पोलीस आहे की रानातला चौकीदार? ह्या पॅन्टवर हरणं हाकायची का?"

"निदान माणसं हाकू नकोस," मी म्हटलं. टाचण्या तोंडात होत्या म्हणून तुला कदाचित ऐकू आलं नसेल. किंवा आलं असेल.

तुझ्या कार्डावर आहे, "१९९१. लोकशाहीचा रंग." छान आहे. पॅन्टची कंबर मी तुला दोनदा सैल करून दिली होती, लोकशाही तुला मानवली.

आता हिरवा.

सात ऑक्टोबर एकोणनव्वद, शनिवार. संध्याकाळी सहाला चर्चमधून लोक सरकारच्या निषेधाला मेणबत्त्या घेऊन निघाले आणि बाजारचौकाकडे गेले. मी गेले नव्हते. मला भीती वाटत होती, आणि माझी नोकरी पोलिसांच्या कोठारात होती. इल्का गेली होती. मला म्हणाली होती, "आई, मी बीर्गिटकडे जाते, राहीनही कदाचित." नाताळची उरलेली लाल मेणबत्ती तिनं ड्रॉवरमधून नेली, ते मला नंतर दिसलं. इल्काचा बाप जोखेन जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघीच.

रविवारी सकाळी तू आलास. पिशवीत कोट होता. म्हणालास, "ट्रकच्या हुकात अडकला. उद्या परेड आहे, उद्यापर्यंत करून दे."

मी बाही उलटी केली. डाव्या मनगटाच्या वर काटकोनात फाटलेली. हुकानं असं फाटत नाही, गेर्नोट, हुक सरळ ओढतो. ती कुणीतरी मुठीत धरून खाली लोंबकळल्यावर फाटते, आधी आडवी आणि मग उभी. आणि फाटलेल्या जागेभोवती लाल मेण सांडलेलं होतं. ट्रकच्या हुकाला मेणबत्ती कुणी लावत नाही.

मी काही विचारलं नाही. तू खुर्चीवर बसलास आणि टोपी काढून मांडीवर ठेवलीस. माझ्या स्वयंपाकघरात तू तोवर कधी टोपी काढली नव्हतीस. आणि विचारलंस, "इल्का घरी आहे का?"

"बीर्गिटकडे गेलीय," मी म्हटलं. तू मान हलवलीस आणि कॉफी न घेता निघून गेलास.

तो प्रश्न मी एकवीस वर्षं बाजूला ठेवला. तुझा विचारायचा आवाज मला रोज आठवायचा आणि मी रोज स्वतःला सांगायचे, मामा आहे, भाचीची चौकशी करणारच. पण तू तिची कधी चौकशी करत नव्हतास. तिचे केस, तिची ती चर्चमधली मंडळी, काहीच तुला पटत नव्हतं. महिनोन् महिने तिचं नाव काढत नव्हतास. त्याच रविवारी काढलंस.

मी ते मेण कागद ठेवून इस्त्रीनं काढलं. मेण निघालं, लाल डाग राहिला. रफू करून बघितलं, रफू दिसत नव्हतं पण डाग दिसत होता. म्हणून मी बाहीच बदलली. कोठारात एका निवृत्ताचा कोट चिंध्यांत जायला पडला होता, त्याच ताग्याचा, त्याच रंगाचा. किल्ली माझ्याजवळ होती. रविवारी दुपारी जाऊन तो आणला, त्याची डावी बाही उसवली आणि तुझ्या कोटाच्या मुंढ्यात बसवली. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात सफाईचं काम आहे. मला शिवण शिकवणाऱ्या बाईंनी बघितलं असतं तर त्यांनाही दोन बाह्यांतला फरक सांगता आला नसता.

सोमवारी दुपारी इल्का घरी आली. पकडलेल्या सगळ्यांना दोन दिवस पोलिसांच्या ट्रकच्या गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. डाव्या कानातून रक्त येऊन मानेवर वाळलं होतं. ती म्हणाली, "आई, मोठ्यानं बोल, इकडून काही येत नाही." मग सगळं सांगितलं. पोलिसाच्या शिरस्त्राणाला पुढे काच होती, मागून गाड्यांचे दिवे, चेहरा दिसला नाही. त्यानं दंडुका उचलला तेव्हा तिनं त्याची डावी बाही धरली, मेणबत्ती त्या बाहीवरच कलंडली, आणि बाही फाटल्याचा आवाज तिनं ऐकला. त्या कानानं ऐकलेला तो शेवटचा आवाज.

मी तिची मान धूत होते. शिवणयंत्राखालच्या टोपलीत ती बाही होती, आमच्यापासून दोन हातांवर. मी तिला सांगू शकले असते. मी पाय लांब करून टोपली आत ढकलली.

भिंत पडल्यावर, फेब्रुवारीत, त्या रात्रीच्या मारहाणीची चौकशी समिती कोठारात आली, तेही तुला माहीत आहे. पाद्री होते, एक तरुण वकील आणि शाळेतल्या शिक्षिका. शिक्षिकाबाईंच्या हातात इल्काच्या जबाबाचा कागद होता. त्यांनी वाचून दाखवलं. डावी बाही, मनगटाच्या वर काटकोनात फाटलेली, लाल मेणाचे डाग. मग म्हणाल्या, "होल्फेल्डबाई, ऑक्टोबरमध्ये असा कोट दुरुस्तीला आला होता का? नीट आठवून सांगा. मुलगी तुमचीच आहे म्हणून विचारायलासुद्धा संकोच वाटतो. पण इथल्या सगळ्या बाह्या तुमच्याच हाताखालून जातात."

त्यांना वाटलं, आई आहे म्हणजे लेकीसाठी वाढवून सांगेल. म्हणून त्यांनी मला सांभाळून विचारलं. मी म्हटलं, "नाही. असा कोट आला नाही."

"नक्की?"

"नक्की. आला असता तर मला पहिल्यांदा दिसला असता."

त्यांनी कोठारात मागवलेले सगळे कोट तपासले. तुझाही खिडकीपाशी नेऊन उलटा-सुलटा केला. आणि परत टांगला. आई स्वतः 'नाही' म्हणते म्हटल्यावर पुढे कोण विचारणार? अहवालात एकच ओळ आली: तक्रारदाराच्या वर्णनाला आधार मिळाला नाही. तुझं नाव चाळणीतून सुखरूप खाली आलं आणि तुला बव्हेरियाची पॅन्ट मिळाली.

गावात काय बोललं गेलं तेही ऐक, तू तेव्हा घरगुती गोष्टी ऐकत नव्हतास. बेकरीत बायका म्हणायच्या, ढकलाढकलीत पडली असेल, आता पोलिसावर घालते. बीर्गिटची आई मला तोंडावर म्हणाली, "तुमच्या पोरीची कल्पनाशक्ती दांडगी आहे हो, ट्राउडल." मी पाव घेतला आणि घरी आले.

नव्वदचा नाताळ. आपण सगळे इथेच होतो, बटाट्याची कोशिंबीर नि सॉसेज. रोझीनं कुणाच्या तरी बहिऱ्या कुत्र्याची गोष्ट काढली आणि एकदम गप्प झाली. तू काट्यानं सॉसेज कापत म्हणालास, "पोरी, काळोखात माणसाला काहीही दिसतं. झालं गेलं सोडून दे."

इल्का म्हणाली, "मामा, पुन्हा म्हणा. मी चुकीच्या बाजूला बसलेय."

आणि तू ते पुन्हा म्हणालास. तेच वाक्य, मोठ्यानं. मी ताटं उचलली.

तिनं नंतर मला विचारलं, "आई, मला खरंच तसं दिसलं का गं? की मी डोक्यात काहीतरी जुळवलं?" चोवीस वर्षांची पोर, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालेली. मी म्हटलं, "जाऊ दे बाळा, डॉक्टर म्हणालेत त्रास करून घेऊ नकोस." वसंतात ती ब्रेमेनला गेली. वीस वर्षं दर रविवारी सकाळी दहाला फोन करते, उजव्या कानाला लावून. माझे गुडघे, माझे डोळे, माझ्या बिलांचं सगळं ती बघते. लोक म्हणतात, लेक असावी तर अशी.

ती बाही मी फेकली नाही. का, ते मला सांगता येत नाही. कापड फेकवत नाही म्हण हवं तर. बाह्या इस्त्री करायची माझी लाकडी पाटी आहे ना, अरुंद, तिच्या कापडाखाली मी ती घडी करून घातली आणि वरून शिवून टाकली. एकवीस वर्षं त्या पाटीवर मी इस्त्री केली. तुझ्या शेवाळी कोटाच्या बाह्या त्याच पाटीवर दाबल्या. इल्काच्या लग्नाचा ब्लाऊजही. इस्त्री जास्त तापली की पांढऱ्या कापडातून लालसर ठिपका वर यायचा, मी कापड बदलायचे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पाटी उसवली. आतली बाही चेपून पुठ्ठ्यासारखी झाली होती, पण फाट तशीच, डाग तसाच. मग मी तुझ्या कोटाची ती सफाईदार बाही काढली आणि जुनी जागेवर लावली.

आधी इल्काला सांगितलं. काल नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी. तिनं विचारलं, "डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं?" मी म्हटलं, "इल्का, तो कोट आला होता. मी बाही बदलली." मग मी म्हटलं, "कुणाचा, ते विचार."

ती म्हणाली, "थांब आई. मी फोन डाव्या कानाला लावतेय. आता बोल."

मी बोलले. तुझं नाव सांगितलं, समितीचं सांगितलं, टोपली पायानं ढकलल्याचंही सांगितलं. सगळं त्या मेलेल्या कानात सांगितलं, कारण तिनं तोच मला दिला होता. किती वेळ बोलले माहीत नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. काल रविवार होता. दहाला फोन वाजला नाही. मी बारा वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. माझ्या वाट्याचं मला मिळायला लागलंय, त्याबद्दल मी तुझ्याकडे रडत नाही. तिच्या कानाचं तू केलंस, पण तिचं डोकं फिरलंय असं तिला वाटावं, ते मी केलं. दोन्हीत मोठं कुठलं, ते ती ठरवेल.

शनिवारी नित्शेबाईंनी हिरवा उचलला आणि म्हणाल्या, "अहो, ही बाही फाटलीय. कच्च्या टाक्यांवर आहे. विसरलात का?"

"नाही. तशीच राहू दे. कार्ड त्याला टाचलंय."

तुझं कार्ड नव्हे. तुझ्यावर होतं, "१९८५. जनतेच्या सेवेत." मी लिहिलेलं असं आहे:

"जनता पोलिसांचा कोट. वापरणारा: गेर्नोट सायफार्ट. डावी बाही ७ ऑक्टोबर १९८९ला बाजारचौकात फाटली. ती धरणारी मुलगी इल्का होल्फेल्ड, वय तेवीस, हातात मेणबत्ती. तिचा डावा कान गेला. चौकशी समितीनं विचारलं तेव्हा असा कोट आलाच नाही, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. इल्कानं जे पाहिलं ते तसंच घडलं होतं."

त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. "बाई, मला साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा," मी म्हटलं. "साहेब नाही म्हणाले तर कोट मला परत आणून द्या. मी तो घालून दारात उभी राहीन. मला लांब होईल, पण बाही दिसेल."

आज सकाळी त्यांचा फोन आला. कोट उभा राहणार आहे, कार्डासकट. साहेबांची अट एकच, खाली लिहिणारीची सही हवी. मी दुपारी बसनं जाऊन सही करून आले. एडेलट्राउड होल्फेल्ड, गणवेशाच्या कोठारातली शिंपीण. 

तुझं भाषण त्यांनी काढून घेतलेलं नाही. मी तशी विनंतीही केली नाही. शुक्रवारी अकराला तुझंच नाव पुकारतील.

तू तिला ओळखलं होतंस का, हे मी आता विचारत नाही. दंडुका मारण्याआधी ओळखलंस की ती खाली पडल्यावर, हेही नाही. तू रविवारी टोपी काढून जे विचारलंस त्यात मला उत्तर मिळालंय. इल्काला हवं असेल तर ती विचारेल. ती येणार आहे की नाही, मला माहीत नाही. मी तिच्यासाठी पहिल्या रांगेत, उजवीकडची खुर्ची राखायला सांगितलीय, म्हणजे बोलणाऱ्याकडे तिचा चांगला कान राहील. ती खुर्ची रिकामी राहिली तरी तू तिच्याकडे बघूनच बोल. तू मला बूट दिले होतेस, ते मी आयुष्यभर फेडत बसले, आणि फेडलं कुणाच्या अंगावरचं, तर लेकीच्या. आता तुझं-माझं काही शिल्लक नाही.

रोझीला हे पत्र दाखव किंवा दाखवू नकोस, तुझी मर्जी. तिच्या गुडघ्याला जप.

एकच कामाची गोष्ट राहिली. बाही मी मुद्दाम पक्की शिवलेली नाही. मुंढ्याला वरवर धावदोरा घातलाय, आत माया सोडलीय. तुला ती लोकांना दिसायला नको असेल तर कोटाजवळ जा आणि एक हिसका दे, सहज निघून येईल. पण मग ती हातात घेऊन तुला सगळ्यांसमोर उभं राहावं लागेल, आणि मी तिथेच, कोटाशेजारी उभी असेन.

या खेपेला कोणी विचारलं तर 'हो' म्हणणारी,

तुझी बहीण
ट्राउडल